पोर्ट्सचा इंडेक्स बॉटच्या हवाली करा म्हणे!

पॅचकर:
‘फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोर्ट्सना (बाहेरचं सॉफ्टवेअर तिच्यावर बनवून बसवायच्या कृतींना) आता मेंटेनर (त्या सांभाळणारी माणसं) नकोत, नवं व्हर्जन आलं की बॉटने मेकफाईल (कृती लिहिलेली फाईल) बदलावी, इंडेक्स (सगळ्या पोर्ट्सची यादी) बनवावा, विषय संपला’ ही कंपाइलप्रेमींची कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. अहो, ३० हजारांच्या वर पोर्ट्स आहेत, मेक इंडेक्स मारलं की प्रत्येकाची मेकफाईल वाचून एकेक ओळ बनते. कोणी एखादी लायब्ररी दुसऱ्या कॅटेगरीत हलवली, कोण कुठे हललं ते लिहायच्या मूव्हड फाईलमध्ये नोंदही केली, पण तिच्यावर अवलंबून असलेल्या एका पोर्टात जुना पाथ राहिला की अख्खा इंडेक्स आपटतो. आणि नुसता व्हर्जनचा आकडा वाढवणं हे मेंटेनरचं काम नाहीच. लायसन्स बदललं का, नवी डिपेन्डन्सी (आधी लागणारं दुसरं सॉफ्टवेअर) घुसली का, एबीआय (लायब्ररी आणि तयार प्रोग्राम यांच्यातला सांधा) तुटला तर कुणाकुणाचं पोर्टरिव्हिजन (पुन्हा बिल्ड करायला लावणारा नंबर) वाढवायचं, हे कोण बघणार?

कंपाइलप्रेमी:
पाथ जागेवर आहे का हे बघायला माणूस लागतो? तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं सिद्ध झालं. माझा छोटासा पॅच (कोडमधला बदल), मेंटेनरचं उत्तर नाही, त्याच्या उत्तराचा दोन आठवड्यांचा टाइमआउट संपला, मग बदल आत घालायचा हक्क असलेला कमिटर मिळेना, तोवर अपस्ट्रीमने (मूळ सॉफ्टवेअरवाल्यांनी) पुढचं व्हर्जन काढलं आणि पॅच लागेनासा झाला. नाव लावून गायब व्हायचं आणि दुसऱ्यालाही हात लावू द्यायचा नाही!

डिफवाली:
फुकटात राबणाऱ्यांना असं बोलताना काही वाटत नाही का? २०२४ चं एक्सझेड विसरलात एवढ्यात? फाईल्स दाबून लहान करणाऱ्या त्या टूलमध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घुसवला होता. तो चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडच्या गठ्ठ्यात) होती. तुमच्या बॉटने ते ५.६.० व्हर्जन डोळे झाकून उचललं असतं.

कंपाइलप्रेमी:
आणि माणसांनी काय केलं? डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या टेस्टिंग आणि रॉहाइड या चाचणीच्या आवृत्त्यांत ते माणसांनीच घातलं ना! डेबियनचं ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) तर त्याहून वाईट, २००६ मध्ये व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या टूलची कटकट बंद करायला ओळी काढल्या, २००८ पर्यंत तिथे बनलेल्या एन्क्रिप्शनच्या कीज अंदाजाने काढता येत होत्या. हा मेंटेनरचाच प्रताप.

पॅचकर:
अर्धवट सांगू नका. त्या मेंटेनरने आधी ओपनएसएसएलच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं, तिथे कुणी अडवलं नाही. आणि एक्सझेड पकडलं तेही माणसानेच, एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून अँड्रेस फ्रॉइंड मागे लागला.

कंपाइलप्रेमी:
तो पोस्टग्रेस डेटाबेसवाला! एक्सझेडच्या पॅकेजचा मेंटेनर नव्हता तो.

डिफवाली:
माणूस होता ना? बॉटला अर्धा सेकंद खटकला नसता.

रूटकाका:
अरे, इंडेक्स राहिला बाजूला, तुम्ही एक्सझेडवरच भांडत बसलात. मी काही पोर्ट्स सांभाळतो. नवं व्हर्जन आलं की पोर्टस्काउट मेल टाकतो, म्हणजे बॉट आहेच. पुढे पूद्रिएर या बिल्डच्या टूलमध्ये बिल्ड करून बघतो तेव्हा कळतं की प्लिस्टमधली (पोर्ट बसवतं त्या फाईल्सच्या यादीतली) फाईल गायब आहे, आणि ती अपस्ट्रीमने मुद्दाम काढली की बिल्डआधी चालणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने फीचर गुपचूप बंद केलं, हे लॉग वाचल्याशिवाय समजत नाही. प्लिस्ट आपोआप नवी करून घेतली असती तर ते फीचर गेलेलं कुणाला कळलंही नसतं.

पॅचकर:
हेच तर म्हणतोय मी! बरं, पाथची तपासणी मशीनने करावी, तेवढं मान्य. कमिट माणसाच्याच हातात राहील. आणि कंपाइलप्रेमी, तो मेंटेनर तीन महिने कुठल्याच बगला उत्तर देत नसेल तर पोर्ट त्याच्या नावावरून काढता येतो, नियम आहे. बग नंबर द्या, मी बघतो.

कंपाइलप्रेमी:
लॉगचं काकांचं म्हणणं पटलं, प्लिस्ट बॉटला नको. बाकी मत तेच. बग नंबर संध्याकाळी टाकतो, पण तीन महिने फार होतात हो, सिक्युरिटी फिक्स असेल तर तोवर वापरणाऱ्याने काय करायचं?