रूळ ओलांडणाऱ्याला पिवळे पट्टे हवेत की पूल?

हार्बरकर
परवा संध्याकाळी पुन्हा लोकल वीस मिनिटं उभी. पुढे कुणीतरी गाडीखाली आलं होतं. डब्यात पहिलं वाक्य, "ह्याला आजचाच दिवस सापडला?" दुसरं, "पूल आहे ना, मग रुळात जातात कशाला?"

या दुसऱ्या वाक्यासाठी धागा काढतोय. मी स्वतः चार वर्षं रूळ ओलांडायचो. पदवीधर आहे, पाटी वाचता येते. गाडी दिसायची, पण ती "अजून लांब" असायची. पुढे कळलं की हा डोळ्यांचा घोळ आहे. लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं होतं की आकाराने मोठी वस्तू आपल्याला आहे त्याहून हळू वाटते. विमानतळाजवळ उभे राहा, भलंमोठं विमान तरंगत उतरल्यासारखं दिसतं.

हेच धरून २००९-१०च्या सुमारास वडाळ्याला मध्य रेल्वे आणि फायनल माईल नावाच्या कंपनीने प्रयोग केला. ठरावीक अंतरापर्यंतचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, पिवळे रंगवले. गाडी येताना पट्टे भराभर तिच्याखाली गडप होतात आणि वेग डोळ्यांत भरतो. एका लांब भोंग्याऐवजी दोन तुटक भोंगे, कारण सलग आवाजाला कान सरावतो आणि मधल्या शांततेने दचकतो. "रूळ ओलांडू नये"च्या जागी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे तीन फोटो. मृत्यू बरेच घटल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. खर्च काय, तर रंगाचे डबे. मग हे प्रत्येक स्टेशनाजवळ का नाही?

चौसष्टावी पायरी
कारण माणसं डोळ्यांच्या घोळाने नाही, गुडघ्यांनी मरतात. आमच्याकडे पूल फलाटाच्या एका टोकाला, वस्ती दुसऱ्या टोकाला. पायऱ्या चौसष्ट, मोजल्यात. सरकता जिना बसवला, तो चालू दिसला की लोक फोटो काढतात. माझी सासू भाजीची पिशवी घेऊन रूळ ओलांडते ती गाडीचा वेग चुकीचा जोखते म्हणून? तिला वेग नीट कळतो, पर्याय नाही हेही कळतं. तिच्या वाटेवर पिवळा रंग मारणं म्हणजे "इथूनच जा, फक्त जपून."

मानसशास्त्राचं हेच खटकतं. दोष माणसाच्या मेंदूत सापडला की सिमेंट-लोखंडाचा खर्च टळतो.

हार्बरकर (उत्तर)
तुमच्या सासूबाईंचं पटलं. पण आमच्या स्टेशनात पूल मधोमध आहे, रुंद आहे. तरी मी खालूनच जायचो, चार मिनिटं वाचतात म्हणून. रोज सुखरूप पोचलो की तेच बक्षीस, दुसऱ्या दिवशी पाय आपोआप खडीकडे वळायचे.

नारळ फोडू नका
दोघांनाही एक प्रश्न. वडाळा निवडलं का? तिथे माणसं फार मरत होती म्हणून. ज्या वर्षी पूर आला त्या वर्षी नदीकाठी नारळ फोडला, पुढच्या वर्षी पूर आला नाही, श्रेय नारळाला? आकडा अगदी वर गेलेली जागा निवडली की पुढे तो बराचसा आपसूक खाली येतो. शेजारी, रंग न मारलेल्या पण तितक्याच वाईट ठिकाणी काय झालं, हे सोबत दाखवल्याशिवाय मी टाळ्या वाजवणार नाही. शिवाय पट्टे नवे असेपर्यंत दिसतात. दोन पावसाळ्यांनी ते खडीच्याच रंगाचे होतात, आणि नजर तर त्याआधीच सरावते.

(मी रंगाच्या विरोधात नाही. फुकट टाळ्यांच्या आहे.)

डब्बा नंबर तीन
इतकी चर्चा कशाला? रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचे दहा हजार करा, रांगेत पूल चढतील.

चौसष्टावी पायरी (उत्तर)
चढतील आणि चेंगरतील. २९ सप्टेंबर २०१७ विसरलात? एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर २३ माणसं गेली. ती नियम पाळणारीच होती, पुलावरच होती. आणि सरकारच्या मनात आलं तर काय होतं तेही तिथेच दिसलं, पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने बांधलेला पूल सुरू झाला. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने २०१२ मध्ये लिहिलंय की रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. "कत्तल" या अर्थाचा शब्द वापरलाय अहवालात. कत्तलीवर उपाय म्हणून रंगाचा डबा?

हार्बरकर (उत्तर)
बरं, माघार. "रंग किंवा पूल" अशी मांडणी माझीच चुकली. पण पूल होईस्तोवर पाच वर्षं जातात, आणि त्या पाच वर्षांत रोज संध्याकाळी माणसं रुळात उतरतात. त्यांचं काय? दंडाचं म्हणाल तर चार वर्षांत मला एकदाही कुणी पकडलं नाही. जो दंड कधी होतच नाही तो दहा हजारांचा केला काय नि लाखाचा केला काय.

माहेर कल्याण
एरवी फक्त वाचते. बाबा मोटरमन होते. ज्या दिवशी त्यांच्या गाडीखाली कुणी यायचं त्या दिवशी ते घरी येऊन सरळ मोरीत जायचे, आणि आई रात्री मासे करायची नाही. आम्ही दोघी बहिणी आवाज न करता अभ्यास करायचो. कोणी काही सांगायचं नाही, तरी कळायचं.

पट्टे की पूल, मला सांगता येणार नाही. निवृत्त झाल्यावर एकदा बाबा बोलले तेवढं लिहिते. भोंगा दिला की रुळातला माणूस मान वर करतो आणि नजरानजर होते. मग तो पळायचं सोडून चालायला लागतो. "त्याला वाटतं, ड्रायव्हरने पाहिलंय, म्हणजे आता थांबवेल. बस थांबते तशी. ब्रेक तर मी आधीच मारलेला असतो गं."

नारळ फोडू नका (उत्तर)
हे कुठल्याच पाटीवर वाचलेलं नाही.