शाळेचं रेटिंग ५, पण घर मनात भरलंय: न्यू जर्सीत एलिमेंटरी शाळेचे आकडे कसे वाचायचे?

अबोली_
नमस्कार मंडळी. मध्य न्यू जर्सीत घर शोधतोय. लेक सप्टेंबरात किंडरगार्टनला जाईल. दोन घरांवर गाडी अडलीय, दोन्ही वेगळ्या टाउनमध्ये. एका घराच्या शाळेला १० पैकी ८, दुसरीला ५. पाचवालं घर आम्हा दोघांना फार आवडलंय, ऑफिसही जवळ पडतं. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "पाचच्या शाळेत कशाला घालताय?" तिथे जवळजवळ निम्मी मुलं फ्री लंचवाली, हिस्पॅनिक बरीच, एशियन अगदी थोडी, वर 'टायटल वन' असा शिक्का. मला यातलं काही नीट कळत नाही. आणि खरं सांगू का, हे तक्ते बघताना आपण नक्की काय शोधतोय याची जराशी लाजही वाटते. अनुभवी लोकांनी सांगावं.

पक्का_हिशेबी
८ वालं घ्या. विकायची वेळ आली की समोरचा पण तोच आकडा बघणार.

खडू_फळा
अबोली, मी इथे एका एलिमेंटरी शाळेत चौथीला शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

एक तर परीक्षा तिसरीपासून. किंडरगार्टन, पहिली, दुसरीची मुलं राज्याची परीक्षा देतच नाहीत. म्हणजे पाचवीपर्यंतच्या शाळेचा निकाल हा फक्त तीन इयत्तांचा. तिसरीत ५० मुलं असतील तर एक मूल म्हणजे २ टक्के. पाच मुलं इकडची तिकडे झाली की निकाल १० टक्क्यांनी हलतो. त्यामुळे एका वर्षाचा आकडा बघून काही ठरवू नका, तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी ठेवा.

दुसरं, 'पास' टक्केवारी. पाच पातळ्यांपैकी चौथी किंवा पाचवी गाठली की मूल अपेक्षेइतकं आलं असं धरतात. पण हा आकडा बराचसा मुलं कोणत्या घरातून येतात हे सांगतो, शाळेने काय केलं ते कमी. उदाहरण काल्पनिक आहे, पण करून बघा. 'अ' शाळेत ८० टक्के मुलं सुस्थितीतली, त्यातली ७५ टक्के पास; उरलेल्या गरीब घरच्या मुलांतली ४० टक्के. एकूण निकाल ६८. 'ब' शाळेत सुस्थितीतली ४० टक्केच, पण त्यातली ८० टक्के पास. गरीब घरच्यांतली ५० टक्के. एकूण ६२. दोन्ही गटांत 'ब' पुढे, आणि यादीत मागे! म्हणून एकूण आकडा सोडा आणि गटवार तक्ता उघडा. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक शाळेला तो गटवार द्यावाच लागतो. गट अगदी लहान असेल तर मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात, त्यात काही काळंबेरं नसतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: राज्याच्या स्कूल परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये 'ग्रोथ' बघा. गेल्या वर्षी ज्यांचे मार्क तुमच्या मुलासारखेच होते, त्यांच्या तुलनेत यंदा ते किती पुढे गेलं, हे त्यातून कळतं. ५० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण. तिसरीला हा आकडा नसतो, कारण मागची परीक्षाच नसते.

'टायटल वन' हा शिक्का नव्हे हो, निधी आहे. १९६५ च्या कायद्यातून गरीब घरची मुलं जास्त असलेल्या शाळांना केंद्राकडून पैसे मिळतात. माझ्या शाळेत त्यातून वाचनाच्या जादा शिक्षिका आल्या. आणि फ्री लंचचा आकडाही जपून वाचा. घरच्या उत्पन्नावर ठरवायचं तर केंद्राच्या नियमाने दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत फुकट, १८५ पर्यंत सवलत. पण काही शाळा सरसकट सगळ्यांनाच फुकट जेवण देतात, तिथे घरोघरचे फॉर्म भरलेच जात नाहीत. तो आकडा दुसऱ्या शाळेच्या आकड्याशी सरळ जुळवता येत नाही.

रानजाई
खडू_फळाला अनुमोदन. इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या गटाचा निकाल बघून घाबरू नका. ज्यांना इंग्लिश जमलं ती त्या गटातून बाहेर पडतात, मग मागे उरणार कोण? नवी आलेली.

आमच्याकडे प्रवेशाच्या फॉर्मवर "घरी कोणती भाषा बोलता?" असं विचारलं होतं. ओळखीच्या एकींनी बजावलं, इंग्लिशच लिही, नाहीतर ईएसएलमध्ये (इंग्लिश नवं असलेल्या मुलांच्या जादा वर्गात) टाकतात. मी मराठी लिहिलं. चाचणी झाली, पोराला खरंच टाकलं. मला आठवडाभर झोप नाही. तो मात्र सहा मुलांच्या त्या छोट्या वर्गातून रोज काहीतरी सांगत यायचा, वर्षभरात बाहेरही पडला. ज्यांनी इंग्लिश लिहिलं त्यांच्या मुलांना ती मदत मिळाली नाही, एवढंच.

दोन_बॅगा_२३_किलो
गैरहजेरीचा आकडा कोणीच काढला नाही! वर्षातले १० टक्के दिवस बुडाले की मूल 'क्रॉनिकली ॲबसेंट'. १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस. आता आपण जानेवारीत तीन आठवडे आजीकडे जातो, तिथेच १५ दिवस गेले. वर एक ताप, एक लग्न, झालं. आजारपणं, घर बदलणं, पालकांच्या शिफ्ट, यानेही तो वाढतो. फार जास्त असेल तर शाळेला कारण विचारा, आधी नाक मुरडू नका.

पक्का_हिशेबी
जानेवारीतली तिकिटं स्वस्त असतात हो, काय करणार :)
पण माझा मुद्दा कायम. खरेदीदार गटवार तक्ते उघडत बसत नाही.

खडू_फळा
खरं आहे, नाही बसत. तुम्ही कधीपर्यंत विकणार यावर ते अवलंबून. अबोली, दोन्ही शाळांत जाऊन या. मुख्याध्यापिकांना दोनच गोष्टी विचारा: तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, आणि पहिलीत वाचन अडलेल्या मुलासाठी नक्की काय करता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही प्रत्येक मुलाकडे लक्ष देतो" असं गोल आलं तर सावध. कोण घेतं, आठवड्यातून किती वेळा, कशाने मोजतात, हे धडाधड सांगता यायला हवं.

अबोली_
काल रात्री दोघं तक्ते घेऊन बसलो. पाचवाल्या शाळेची इंग्लिशची ग्रोथ ५८, आठवालीची ४४! गणितात मात्र पाचवाली ४९, आठवाली ५१, म्हणजे तिथे उन्नीस-बीस. गैरहजेरी पाचवालीत जास्त आहे, ते विचारायचंय. मंगळवारी सकाळी तिथे वेळ मिळालीय, गुरुवारी दुसरीकडे. नवरा अजून विकताना काय होईल यावरच अडलाय. जाऊन आले की इथेच लिहिते.