क्रिस्टलमध्ये गप्प बसलेलं एन्झाइम बघून ते काम कसं करतं हे कसं काय कळतं?

अर्धवट_केमिस्ट
एमएस्सी बायोकेमच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात इंटर्नल. कायमोट्रिप्सिनचं (अन्नातली प्रोटीनं कापणारं पचनाचं एन्झाइम) मेकॅनिझम बाणांसकट पाठ आहे, कापणारी तीन अमायनो अ‍ॅसिडं म्हणजे सेरीन १९५, हिस्टिडीन ५७, अ‍ॅस्पार्टेट १०२ (आकडा म्हणजे साखळीतला नंबर), झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन. पण एक गोष्ट डोक्यात अडकलीय. क्रिस्टल म्हणजे सगळे रेणू रांगेत गप्प बसलेले, आणि एन्झाइमचं काम म्हणजे सतत चाललेली कापाकापी. कबड्डीच्या टीमचा ग्रुप फोटो बघून पकड कशी करतात हे कळतं का? सरांना विचारलं तर म्हणाले "एक्स-रे डिफ्रॅक्शनवरून कळतं", तेवढं मलाही माहितीये हो.

पीएचडी_संपेना
ग्रुप फोटो नाही रे, पकड मध्येच अडकवून काढलेला फोटो आहे तो. १९६७ला केंब्रिजमध्ये डेव्हिड ब्लो आणि मंडळींनी जे स्ट्रक्चर छापलं ते मोकळ्या एन्झाइमचं नव्हतंच, टोसिल-कायमोट्रिप्सिनचं होतं, म्हणजे सेरीन १९५ वर एक ग्रुप आधीच चिकटवून ठेवलेला, तो सुटत नाही, त्यामुळे काम नेमकं कुठे चालतं ते थेट दिसतं. सेरीन महत्त्वाचं आहे हे केमिस्ट लोकांना आधीच ठाऊक होतं, कारण डीएफपी नावाचं विष (नर्व्ह गॅसच्याच खानदानातलं) एवढ्या सगळ्या सेरीनपैकी फक्त त्या एकालाच धरतं. ते एकच का, हे मात्र क्रिस्टलने सांगितलं. ५७, १०२ आणि १९५ साखळीत एकमेकांपासून कुठल्या कुठे, पण घडी पडल्यावर शेजारी शेजारी.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. आधीच्या सिक्वेन्समध्ये (अमायनो अ‍ॅसिडच्या क्रमात) १०२ नंबरला अ‍ॅस्पॅराजीन लिहिलं होतं. एक्स-रेवरून काढलेल्या नकाशात ते आणि अ‍ॅस्पार्टेट जवळपास सारखेच दिसतात, त्यामुळे एक्स-रेवाल्यांना थेट सांगता येईना. पण हा गडी आत दडून हिस्टिडीनला चिकटलेला दिसला, मग सिक्वेन्स परत तपासला आणि तो निघाला अ‍ॅस्पार्टेट. १९६९चा ब्लो, बर्कटॉफ्ट आणि हार्टलीचा पेपर काढून बघ. म्हणजे स्ट्रक्चरने केमिस्ट्रीची चूक पकडली, उलटं नाही.

तात्या_लॅबवाले
वरच्या उत्तरात एक भर घालतो. "गप्प बसलेले" हे अर्धंच खरं आहे बाळा. प्रोटीनचा क्रिस्टल म्हणजे मिठाचा खडा नव्हे, त्यात साधारण निम्मं पाणीच असतं, रेणूंच्या मधून वाटा असतात, छोटे रेणू त्यातून आत शिरतात आणि बऱ्याच एन्झाइमांचं काम क्रिस्टलमध्येही चालू राहतं, हळू का होईना. १९३४ साली बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट (पुढे हॉजकिन) यांनी पेप्सिनचे क्रिस्टल त्यांच्या मूळ द्रवातच ठेवून फोटो घेतला म्हणून तर एक्स-रेचे ठिपके (त्यावरूनच रचना काढतात) नीट आले, वाळवलेल्यात काहीच धड येत नव्हतं. खारातली मिरची खारातच ठेवायची असते, बाहेर काढून वाळवली की गेली. आणि बघा, ते पण पचनाचंच एन्झाइम.

निलंग्याची_पोर
मला मेकॅनिझमपेक्षा खिसा (कापायच्या साखळीतलं अमायनो अ‍ॅसिड जिथे जाऊन बसतं ती खाच) भारी वाटतो. कायमोट्रिप्सिन आणि ट्रिप्सिनची (हे पण पचनाचंच एन्झाइम) घडी जवळपास एकच, तिन्ही कापणारे अमायनो अ‍ॅसिड पण तेच, मग एक फिनाइलअ‍ॅलनीन, टायरोसिनसारख्या मोठ्या रिंगवाल्यांनंतर कापतं आणि दुसरं लायसीन-आर्जिनीननंतर, असं का? तर खिशाच्या तळाशी १८९ नंबरला एकात सेरीन आहे आणि ट्रिप्सिनमध्ये अ‍ॅस्पार्टेट, म्हणजे निगेटिव्ह चार्ज, त्यावर लायसीनचा पॉझिटिव्ह जाऊन बसतो. आमच्याकडे घरोघरी सोयाबीन, आणि कच्चं सोयाबीन खाऊ नका हे सगळेच सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिनला अडवणारं प्रोटीन) असतो, त्याचं एक आर्जिनीन बरोबर त्याच खिशात जाऊन बसतं, ट्रिप्सिनला वाटतं घास आला, आणि जबडा तिथेच अडकतो. नीट शिजवलं-भाजलं की इनहिबिटरची घडी बिघडते.

शंकेखोर
ताई, १८९ ची गोष्ट बरोबर, पण पुस्तकात वाटते तेवढी सोपी नाही. ट्रिप्सिनमधलं ते अ‍ॅस्पार्टेट काढून सेरीन घातलं तर कायमोट्रिप्सिन मिळायला हवं होतं ना? नाही मिळालं, झालं ते निकामी एन्झाइम. १९९२ला हेडस्ट्रॉम आणि रटर यांच्या ग्रुपने दाखवलं की कापायच्या घासाला हात न लावणारे बाहेरचे लूप (साखळीची वळणं) पण बदलावे लागतात. त्यामुळे फोटो बघून "हे असं आहे म्हणून असं होतं" म्हणायच्या आधी बदलून बघावं लागतं.

अर्धवट_केमिस्ट
बापरे, हे तर नोट्समध्ये कुठेच नाही. शेवटचं एक, मग हे सगळं स्वादुपिंडातच बनतं तर ते स्वतःलाच का पचवत नाही? प्रोएन्झाइम (एन्झाइमचं आधीचं, बंद रूप) असतं हे माहितीये, पण त्यात नेमकं काय बंद असतं?

पीएचडी_संपेना
हे पण दोन क्रिस्टल शेजारी ठेवल्यावरच कळलं. कायमोट्रिप्सिनोजेनमध्ये, म्हणजे कायमोट्रिप्सिनच्या प्रोएन्झाइममध्ये, ती ५७-१०२-१९५ ची तिकडी आधीपासूनच जवळजवळ जागेवर असते, म्हणजे कात्री तयार आहे. नसतो तो खिसा, आणि शेजारची ती ऑक्सिअ‍ॅनायनची जागा (कापताना ऑक्सिजनवर येणारा निगेटिव्ह चार्ज सांभाळणारी) पण धड तयार नसते. लहान आतड्यात ट्रिप्सिन १५ आणि १६ च्या मध्ये कापतं, आयसोल्युसीन १६ चं नवं टोक आत वळतं आणि अ‍ॅस्पार्टेट १९४ शी जोडी जमवतं, त्या ओढीने खिसा उघडतो. एवढीच हालचाल. आणि परीक्षेत १९४ आणि १०२ ची गल्लत करू नको, मी व्हायव्हात केली होती, एक्स्टर्नल पाच मिनिटं नुसते माझ्याकडे बघत होते.