नवं गाव, कडेवर पोर: ओळखी कशा जमवायच्या? (अनुभव धागा)

रानजाई
मंडईत बोरं आलेली दिसली आणि बदलीच्या गावातली बोरन्हाणं आठवली. लहान मूल घेऊन नव्या ठिकाणी गेलेल्यांनी लिहा. "जरा मोकळं बोलायचं" छापाचे सल्ले नकोत, किती वाजता, काय घेऊन आणि फसतं कुठे ते सांगा.

चिवडापोहे
बाग एकच, वेळ एकच. साडेपाच ते साडेसहा. रोज वेगळी बाग धरलीत की रोज नव्याने श्रीगणेशा. खेळणी जोडीने न्या, २ बादल्या, २ खोरी. दोन-अडीच वर्षांची पोरं एकमेकांशी फारशी खेळत नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात. दुसरी बादली दुसऱ्या पोराला द्यायची, दोन्ही आया मोकळ्या.

टकळी
साबणाचे फुगे!! १ कप पाणी, २ मोठे चमचे भांड्यांचं लिक्विड, १ छोटा चमचा ग्लिसरीन (मेडिकलमध्ये मिळतं). हलक्या हाताने ढवळून रात्रभर ठेवा. बाटली हिंदकळली की नुसता फेस होतो. गवतावरच करा, फरशीवर पोरं घसरतात. अख्खी बाग गोळा होते.

कोपऱ्यातला बाबा
आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच "बी विंग मम्मीज" असेल तर बाबांनी काय करायचं?

टकळी
फुगे फुंकायचे 😀

चिवडापोहे
@बाबा, रविवारी सकाळी ८ ते १० जा. पोरांना बाबांच्या गळ्यात घालून आया घरी असतात.

घारगे
नंबर घेताना आईचं नाव तेव्हाच विचारा. "अमक्याची आई" म्हणून सेव्ह केलं की सहा महिन्यांनी नाव विचारायची लाज वाटते.
घरी बोलवायचं तर एकच पोर, साडेचार ते सहा. "या ना कधीतरी" म्हटलं की कोणी येत नाही. वार सांगा आणि निघायची वेळही सांगा, म्हणजे समोरचीलाही बरं पडतं. शेंगदाणे, अंडं चालतं का विचारून ठेवा. पोराचं लाडकं खेळणं आधी कपाटात, नाहीतर पाचव्या मिनिटाला रडारड.

सांजवात
रानजाई, बोरन्हाणासारखं दुसरं निमित्त नाही. संक्रांत ते रथसप्तमी कधीही करता येतं, त्यामुळे सगळ्यांच्या सोयीचा शनिवार सापडतो. ८-१० पोरांना चुरमुरे पाव किलो पुरतात (पिशवी बघून कमी घेऊ नका, जास्त तर मुळीच नको), बोरं अर्धा किलो, थोड्या भुईमुगाच्या शेंगा. उसाचे करवे डोक्यावरून ओतू नका, लागतात. पाटाभोवती मांडून ठेवा. हलव्याला काटा असतो, तो डोळ्यांपासून लांब. कडक गोळ्या नकोतच. पाच वर्षांखालच्यांच्या हातात बी असलेलं बोर आणि शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.
पाटाखाली जुनी चादर, शेवटी चार टोकं धरून उचलली की आवरलं.
फसतं ते लुटण्यात. सात-आठ वर्षांची दांडगी पोरं झेपावतात आणि छोटी चेंगरतात. दोन फेऱ्या करा, आधी छोटे. मोठ्यांना वाट्या धरायचं काम द्या.
आयांना हळदीकुंकू त्याच वेळी. तिळगूळ हातावर ठेवला की बोलायला विषय शोधावा लागत नाही.

मुक्काम हैदराबाद
इथे तर समजावून सांगायचीही गरज नाही. तेलुगू घरांत भोगीला संध्याकाळी हेच असतं, भोगी पळ्ळु. बोरं, उसाचे तुकडे, फुलं, नाणी. शेजारणीला विचारा "तुमच्याकडे कसं करतात?" आणि मग बसा ऐकत.

घारगे
नाणी डोक्यावर?? बापरे

मुक्काम हैदराबाद
एक-दोन रुपयांची हो. पण लहान पोर असेल तर लगेच वेचून घ्या, तोंडात जातात.

बर्फातली
जर्मनीवाल्यांसाठी. किटामध्ये (तिथलं पाळणाघर-बालवाडी) मूल रुळवण्याचा काळ वाया घालवू नका. बर्लिन पद्धतीत पहिले ३ दिवस पालक मुलासोबत तासभर बसतो. चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर जायचं, तो सोमवार असेल तर मंगळवारी. बाहेर थांबलेले दुसरे पालकही तुमच्याइतकेच अस्वस्थ असतात, तिथेच गाठा. त्याआधीच्या वयाला क्राबेलग्रुप (रांगती बाळं आणि पालकांचा गट), त्यासाठी चर्च किंवा फामिलियेनत्सेंट्रुममध्ये (कुटुंब केंद्र) चौकशी करा. आणि अचानक दारात जाऊ नका, आधी तारीख ठरवावी लागते.

कोपऱ्यातला बाबा
@सांजवात, चुरमुरे आदल्या दिवशी आणले तर सादळतील ना?

सांजवात
घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात. सादळलेच तर कढईत मंद आचेवर २ मिनिटं परता. पोरांच्या डोक्यावर ओतण्याआधी गार करा म्हणजे झालं 😀