नॉयर रहस्यकथेसाठी पुणे
नॉयर वळणाची, म्हणजे काळोख्या, निराश सुराची शहरी रहस्यकथा मुंबईतच शोभते, पुणे त्यासाठी फार एकसुरी आहे, हे मत मला पटत नाही. पुण्याच्या लष्कर (कॅम्प) भागात १८६७ साली पूर्ण झालेले ज्यूंचे लाल देऊळ, पारशांची अग्यारी, इराणी उपाहारगृहे, जवळच रास्ता पेठेतील जुनी तमिळ वस्ती, एवढ्या परिसरात खाजगी गुप्तहेराला दर गल्लीत निराळी भाषा आणि निराळे मौन भेटेल. मात्र आरोपीच्या पोलिसांपुढील कबुलीने कथा मिटवू नये. ती कबुली आपल्या कायद्यानुसार त्याच्याविरुद्ध पुरावा ठरत नाही, आणि गुन्हेगार ठाऊक असूनही त्याचा गुन्हा सिद्ध करता न येणे हेच मला या प्रकाराचे खरे बळ वाटते.