दिल्ली आणि म्हैसूर: क्रूझरवरच्या आपल्या माणसांच्या आठवणी

घरातलं कुणी युद्धाच्या वेळी 'दिल्ली' किंवा 'म्हैसूर'वर होतं का? असेल तर इथे लिहा प्लीज. आपल्या नेव्हीत क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांच्या युद्धनौका, आल्या त्या दोनच. दिल्ली म्हणजे १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळ रिव्हर प्लेटला जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेशी लढलेली अकिलीस, १९४८ ला आपली झाली. म्हैसूर ही ब्रिटिशांची नायजेरिया, १९५७ पासून आपल्याकडे. ॲडमिरल लोकांचं लिहिलेलं मिळतं वाचायला, मला खालच्या डेकवरच्या माणसांचं हवंय.

मीच सुरुवात करते. आईचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ७१ ला म्हैसूरवर बॉयलर रूममध्ये होते. म्हैसूर वेस्टर्न फ्लीटची फ्लॅगशिप, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाचं जहाज, पण अण्णांनी युद्ध डोळ्यांनी पाहिलंच नाही. आत जायला लागोपाठ दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण पंख्यांनी आत हवेचा दाब धरून ठेवलेला असतो, तो गेला की भट्टीतली ज्वाळा उलटी अंगावर येते. आणि सगळं लक्ष धुरावर! तेल जास्त झालं की धूर काळा, हवा जास्त झाली की पांढरा, आणि धूर दिसला की दुश्मनाला जहाज सापडलं. लढाईत तुम्ही काय केलंत असं विचारलं की अण्णा सांगायचे, धूर होऊ दिला नाही. मला हे फार मोठं वाटतं.

---

माझे सासरे दिल्लीवर, गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर ६१. दिल्ली दीवला होती. ते तोफेच्या खाली गोळ्यांच्या कोठारात. सहा इंची तोफेचा एकेक गोळा पन्नास किलोचा, बारूदाच्या थैल्या वेगळ्या, ते सगळं वर पाठवत राहायचं. किल्ल्यावर मारा चाललाय हे त्यांना पायाखालच्या हादऱ्यांवरून कळत होतं, बाकी वर काय चाललंय ते कुणी खाली येऊन सांगेल तेव्हा. कान तेव्हापासूनच कमी झाले असं ते म्हणतात, आता फोनवर बोलणं होतच नाही, समोर बसूनच बोलावं लागतं.

---

बाबा म्हैसूरवर होते एवढंच मला माहीत, ते काही बोलायचे नाहीत. आईचं सांगते. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, पत्रावर पत्ता फक्त जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस, त्यामुळे जहाज कुठे आहे ते कळायचं नाही. ७१ च्या ९ डिसेंबरला आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. नेव्ही क्वार्टर्समध्ये खुकरीवाल्यांची घरं होती, म्हणून आपला माणूस सुखरूप आहे हे कळल्यावरसुद्धा आईला कुणासमोर हायसं वाटून घेता आलं नाही.

---

आमचे थोरले मामा ६१ ला म्हैसूरवर, कारवारजवळच्या अंजदीवला. बेटावर उतरणाऱ्या तुकडीत ते नव्हते, त्यांच्या मेसमधला शेजारी होता. पोर्तुगीजांचं पांढरं निशाण दिसलं म्हणून आपली माणसं किनाऱ्याकडे गेली आणि त्यांची मशीनगन सुरू झाली. ७ जण गेले. शेजारी वाचला, पण जखमी होऊन हॉस्पिटलात गेला आणि पुढे त्याचा पत्ताच लागला नाही. मामांना अजून ते सगळं लख्ख आठवतं. त्या तुकडीतलं कुणी तुमच्या घरात असेल तर कळवा, मामांना त्यांच्याशी बोलायचंय, प्रवास झेपतोय तोवर ते स्वतः यायलाही तयार आहेत.