बंद ठेवलेली पद्मिनी पुन्हा सुरू केल्यावर मिश्रण फार रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) येत आहे

इंदिरानगर_पद्मिनी

नमस्कार. माझी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी काही वर्षे नाशिकच्या इंदिरानगरमधील घराच्या पार्किंगमध्ये बंद होती. इंजिन १०८९ सीसीचे, कार्ब्युरेटर सोलेक्स ३२ पीबीआयसी. टाकी धुऊन नवे पेट्रोल भरले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला आणि त्यात नवीन किटही बसवले. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. मात्र इंजिन तापले की आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचे चालणे) वरखाली होते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि द्वारका चौकात सिग्नलला बंद पडली, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. चारही प्लगवर कोरडी, मखमलीसारखी काजळी धरते. गॅरेजमध्ये मिक्स्चर स्क्रू पूर्ण आत घेऊन पाहिला, तरी इंजिन चालूच राहिले. काही जण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला दोष देतात, तर काही जण सरळ नवा कार्ब्युरेटर बसवा म्हणतात. मूळ कार्ब्युरेटर टाकून देण्याची माझी इच्छा नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

सातपूरचा_फिटर

स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिन चालू राहिले, ही फार महत्त्वाची खूण आहे. हा स्क्रू फक्त आयडलिंगचे मिश्रण आत सोडतो. तो बंद केल्यावर सुस्थितीतले इंजिन बंद पडायला हवे. आपले पडत नाही, याचा अर्थ पेट्रोल दुसऱ्या वाटेने येत आहे, आणि ती वाट सापडेपर्यंत जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रे) किंवा स्क्रू यांना हात लावू नये.

एअर फिल्टर काढून, इंजिन आयडलिंगवर असताना, चेहरा लांब ठेवून बॅटरीच्या उजेडात कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे. मेन नोझलमधून थेंब पडताना दिसले, तर फ्लोट चेंबरमधील (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलच्या छोट्या कप्प्यातील) पेट्रोलची पातळी जास्त आहे असे समजावे. मग झाकण उघडून त्यातला तरंगणारा फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. तो पितळी असेल, तर गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का तेही पाहावे. चेंबरमध्ये येणारे पेट्रोल सुईने बंद करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीवर जुन्या पेट्रोलचा चिकट थर राहिला, तरी सुई पूर्ण बसत नाही.

सर्वांत जास्त लक्ष मात्र नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरकडे द्यावे. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी याच वॉशरच्या जाडीवर ठरते. वॉशर जाड असेल तर व्हॉल्व्ह खाली उतरतो, फ्लोट त्याला लवकर बंद करतो आणि पातळी कमी राहते. पातळ असेल तर नेमके उलटे होते. किटमधला वॉशर मूळ जाडीचाच असेल असे गृहीत धरू नये. जुना वॉशर जपून ठेवला असेल, तर दोन्ही मायक्रोमीटरने मोजून पाहावेत.

गोदाकाठ_११००

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. एक भर घालतो. थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करण्यासाठी या सोलेक्समध्ये चोकची पाकळी नसून बाजूला छिद्रे असलेली फिरती चकती असते. केबल गंजून आखडली, तर डॅशबोर्डवरची मूठ आत गेलेली दिसते, पण चकती अर्धवट उघडीच राहते. गरम इंजिनवर केबल सोडवून लिव्हर हाताने बंद बाजूला दाबून पाहावा. आवाज लगेच सुधारला, तर दोष केबलचा आहे.

इथेनॉलबद्दल थोडे स्पष्टपणे लिहितो, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण रिच होत नाही, उलट लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होते. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, या पेट्रोलला साधारण १३.५ पट. त्याने जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा (इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्रॅम खराब होऊ शकतो, हे खरे. काळ्या धुराचे कारण मात्र ते नव्हे. नाशिकच्या सुमारे ६०० मीटर उंचीमुळे मिश्रण किंचित रिच होते, पण त्याने प्लग काळे पडत नाहीत.

इंदिरानगर_पद्मिनी

दोघांचेही मनापासून आभार. केबल सोडवून पाहिली; चकती पूर्ण बंद होते. मेन नोझलमधून मात्र थेंब सतत पडताना दिसले. फ्लोट कोरडा आणि शाबूत आहे. जुना वॉशर गॅरेजमधून परत मिळाला; किटमधला त्याच्या जवळपास निम्म्या जाडीचा निघाला. तांब्याचा मूळ जाडीचा वॉशर बसवल्यावर थेंब जवळजवळ थांबले आहेत, पण अधूनमधून एखादा अजून पडतो. एसी पंपही नवा बसवला होता. त्याचा संबंध असू शकेल का?

सातपूरचा_फिटर

निश्चित असू शकेल. पंप आणि ब्लॉक यांच्यामधली जाड पट्टी किंवा गॅस्केट कमी झाले, तर पंपाचा दांडा जास्त ढकलला जातो, दाब वाढतो आणि चांगली सुईसुद्धा उचलली जाते. पंप उतरवून जुन्या गॅस्केटांची एकूण जाडी पुन्हा तेवढीच करावी. त्याआधी डिपस्टिकचा (ऑइल मोजायच्या पट्टीचा) पेट्रोलसाठी वास घ्यावा. इतके दिवस जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरलेले असणार. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली, तर बेअरिंग जातील. वास आला तर ऑइल आणि फिल्टर बदलावेत आणि तोपर्यंत गाडी पार्किंगबाहेर काढू नये.